मोबाईलवरचा आकडा आणि घरातील शिल्लक

(काटेवाडी, तालुका बारामती, येथे बौद्ध कुटुंबांच्या सभेत एका वकिलांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सभेचे आमंत्रण देताना आपल्या कार्यकर्त्यांनी मला सांगितले की, कायद्याविषयी काहीतरी बोला. वकिलाला असे सांगितले म्हणजे तो कलमांपासून आरंभ करतो आणि श्रोते जांभया देत घरी जातात. मी तसे करणार नाही. सभेपूर्वी मी आपल्या वस्तीतील चार घरी बसलो, चहा घेतला आणि प्रत्येक घरी एकच प्रश्न केला : मुलगा काय करतो ? चारांपैकी तीन घरी उत्तर मिळाले, "पुण्याला आहे. गाडीवर आहे."

"गाडीवर आहे" म्हणजे काय, हे आता कोणाला समजावून सांगावे लागत नाही. कोणी झोमॅटो-स्विगीचे जेवण घरोघर पोचवतो, कोणी ओला-उबरची मोटार चालवतो, कोणी किराणा मालाच्या पिशव्या वाहतो. एका घरची सून अर्बन कंपनीच्या मार्फत लोकांच्या घरी जाऊन सौंदर्यसेवेचे काम करते. या कामांना इंग्रजीत गिग हे नाव पडले आहे. महिन्याचा पगार नाही, हजेरीपट नाही ; जेवढ्या फेऱ्या तेवढे पैसे. निती आयोगाने जून २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे काम करणाऱ्यांची देशातील संख्या २०२०-२१ साली ७७ लाख धरली होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज केला होता. तेव्हा हा प्रश्न आपल्या चार घरांचा नाही.

त्या तीन घरी मी दुसरा प्रश्न केला, "मिळतात किती ?" बाप अभिमानाने म्हणाला, "पंचवीस-सव्वीस हजार पडतात." मी तिसरा प्रश्न केला, "घरी किती शिल्लक राहते ?" तेव्हा त्याने आईकडे पाहिले, आईने जमिनीकडे पाहिले. सव्वीस हजार आणि ती शांतता, या दोहोंमध्ये जे अंतर आहे त्याविषयी आज मी बोलणार आहे.

आपली मुले शहरात का जातात, हे मला ठाऊक आहे. नीरा डावा कालवा आपल्या उशाशी वाहतो. परंतु कालव्याचे पाणी ज्याला जमीन आहे त्याच्या शेतात जाते. भवानीनगरच्या साखर कारखान्याचा हंगाम वर्षातून काही महिन्यांचा. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे काम मिळते, तेही आज आहे आणि उद्या नाही. अशा स्थितीत ज्या तरुणाकडे मोटारसायकल, परवाना आणि मोबाईल आहे त्याने शंभर किलोमीटरवरील पुण्याची वाट धरली, तर त्याला दोष देण्याचे कारण नाही. शिवाय मुले मला एक गोष्ट आवर्जून सांगतात. तेथे काम देताना कोणी जात विचारत नाही. भाड्याची खोली शोधताना मात्र आडनाव विचारले जाते, आणि काही इमारतींत पार्सल घेऊन आलेल्याला रहिवाशांच्या लिफ्टमध्ये चढू देत नाहीत, हेही तीच मुले सांगतात. तथापि सकाळी गाडी काढावी आणि रात्री पैसे खात्यात पडलेले पाहावे, यात एक स्वातंत्र्य आहे. ते मी कमी लेखत नाही.

मी स्वतः हे काम एका निराळ्या रूपाने केले आहे. कायद्याच्या महाविद्यालयात शिकत असताना मी न्यायालयाच्या आवाराबाहेर पानामागे पैसे घेऊन टंकलेखन आणि भाषांतर करीत असे. एखाद्या दिवशी चाळीस पाने मिळत आणि मला वाटे की मी आता पैसेवाला झालो. पुढे न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागली. महिनाभर एकही पान आले नाही, खानावळवाल्याचे पैसे थकले आणि परीक्षेची फी मला उसनवारीने भरावी लागली. चाळीस पानांच्या दिवसाचे पैसे कोठे गेले, ते मला सांगता येईना, कारण मी काही लिहूनच ठेवले नव्हते. आज मी जे सांगणार आहे ते त्या उन्हाळ्यात शिकलेले आहे. पुस्तकात मला ते फार उशिरा सापडले.

आता आपण हिशेब मांडू. ज्यांची मुले गाडीवर आहेत त्यांनी आपापले आकडे मनात धरावेत. माझे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.

समजा, एका तरुणाच्या मोबाईलवर दिवसाला १,००० रुपये दिसतात आणि महिन्यातून २६ दिवस तो काम करतो. झाले २६,००० रुपये. दिवसाला तो ११० किलोमीटर फिरतो. गाडी लिटरला ४५ किलोमीटर जाते आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर धरले, तर दिवसाचे पेट्रोल सुमारे २५७ रुपयांचे, महिन्याचे जवळजवळ ६,७०० रुपयांचे. तेल, सर्व्हिसिंग, ब्रेक, पंक्चर आणि टायर मिळून महिन्याला सरासरी १,००० रुपये. मोबाईलचा रिचार्ज आणि किरकोळ ४०० रुपये. येथपर्यंतचा खर्च मुलांच्या ध्यानात असतो, कारण तो खिशातून रोख जातो.

परंतु एक खर्च असा आहे की तो कोणी मागायला येत नाही, म्हणून तो खर्च वाटत नाही. तो म्हणजे गाडीची झीज. महिन्याला २,८६० किलोमीटर म्हणजे वर्षाला ३४,००० किलोमीटरांहून अधिक, तीन वर्षांत एक लाखाच्या वर. एक लाख रुपयांना घेतलेली गाडी इतकी फिरल्यावर कोणी २५,००० ला घेतली तर नशीब समजावे. उरलेले ७५,००० रुपये तीन वर्षांत रस्त्यावर झिजून गेले. महिन्याला ते सुमारे २,१०० रुपये होतात. मुलगा ही रक्कम कमाई म्हणून खर्च करतो. वस्तुतः तो आपली गाडी थोडी थोडी विकून खात असतो.

या चार रकमांची बेरीज १०,२०० रुपये. सव्वीस हजारांतून ती वजा जाता राहिले १५,८००. हा तरुण दिवसाला अकरा तास रस्त्यावर असतो, म्हणजे महिन्याला २८६ तास. तासाला पडले पंचावन्न रुपये. पुढे खोलीतील वाटा ३,५००, खानावळ ३,८००, साबण-औषध-कपडे १,०००. शिल्लक ७,५००. आणि त्यातच गाडीचा हप्ता, बहिणीचे शिक्षण, गावाकडील घराची डागडुजी. आता आईने जमिनीकडे का पाहिले ते आपल्या लक्षात येईल. मुलगा उधळ्या नाही. त्याला आपली खरी कमाई किती, हेच कोणी सांगितलेले नाही. मोबाईलच्या पडद्यावर जो आकडा दिसतो तो धंद्याची उलाढाल आहे, मजुरी नव्हे.

हे न सांगण्यामागे एक शब्द आहे. त्या शब्दाविषयी वकील या नात्याने मला थोडे बोललेच पाहिजे. कंपन्या या मुलांना कामगार म्हणत नाहीत. त्या त्यांना पार्टनर म्हणतात, म्हणजे भागीदार. शब्द मोठा गोड आहे. आपल्या देशात भागीदारीचा कायदा १९३२ सालचा आहे. त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे प्रत्येक भागीदाराला पेढीच्या हिशेबाच्या वह्या पाहण्याचा आणि त्यांची नक्कल घेण्याचा हक्क असतो. तेराव्या कलमाप्रमाणे, निराळा करार नसेल तर, भागीदार नफ्याचे समान वाटेकरी असतात. आपल्यापैकी कोणाच्या मुलाने कधी कंपनीच्या वह्या पाहिल्या आहेत काय ? वह्या तर राहोच, आजच्या फेरीला कालच्याहून कमी पैसे का पडले, हेदेखील त्याला कळत नाही. पंधरावी फेरी पूर्ण केली तर अधिक पैसे, म्हणून तो रात्री अकरा वाजता भर पावसात चौदाव्या फेरीवरून घरी परतत नाही. असा हा भागीदार !

गोड नावाखाली राबण्याचा आपल्या समाजाला अनुभव आहे. आपल्या पूर्वजांना वतनदार म्हणत. ऐकायला तो शब्दही भारदस्त होता. परंतु १८७४ च्या वंशपरंपरागत कामगिऱ्यांच्या कायद्याखालील त्या वतनाला कामाचे तास नव्हते, कामाची यादी नव्हती, ठरलेला पगार नव्हता. दिवसा वा रात्री, जो अधिकारी सांगेल ते काम. मोबदल्यात जमिनीचा तुकडा आणि दाराशी उभे राहून मिळवायचे बलुते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले, तेव्हा आपल्यातील कित्येकांनाही वाटले की हातचे वतन जाईल. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने नष्ट होण्यास पुढे तीस वर्षे लागली. तो कायदा १९५८ चा.

मी हे दोन प्रकार एक आहेत असे म्हणत नाही. वतन जन्माने गळ्यात पडे ; हे काम तरुण स्वतः पत्करतो आणि उद्या सकाळी सोडू शकतो. हा भेद लहान नाही. परंतु वतन असो वा भागीदारी, ज्या कामाला तास नाहीत आणि ठरलेली मजुरी नाही त्या कामाचा हिशेब राबणाऱ्याने स्वतः ठेवला पाहिजे, कारण दुसरा कोणी तो त्याच्यासाठी ठेवणार नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ साली झाली. आपला तरुण सहा दिवसांत ६६ तास गाडीवर असतो, आणि ते मोजणारा कोणी निरीक्षक नाही.

मग कायदा काहीच देत नाही काय ? देतो, परंतु थोडे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने प्रथमच गिग कामगार आणि प्लॅटफॉर्म कामगार हे शब्द आपल्या कायद्यात आणले. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्या ११४ व्या कलमाप्रमाणे अशा कामगारांसाठी अपघात विमा, आरोग्य, प्रसूती, वृद्धापकाळ यांच्या योजना सरकारला करता येतात. त्यासाठी कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यावयाची असते, मात्र कामगारांना दिलेल्या वा देय रकमेच्या पाच टक्क्यांहून ती अधिक असू नये. हे पाऊल पुढचे आहे. परंतु किमान वेतनाचे संरक्षण या संहितेत नाही. ते वेतन संहितेत आहे आणि ते कामगाराला मिळते, "भागीदारा"ला नाही. इंग्लंडमध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उबरच्या चालकांना कायद्याच्या दृष्टीने कामगार ठरवले आणि किमान वेतनाचा हक्क दिला. आपल्याकडे राजस्थानने २०२३ साली आणि कर्नाटकाने २०२५ साली आपापले स्वतंत्र कायदे केले. अशा गोष्टी मागितल्यावाचून मिळत नाहीत. आणि मागणाऱ्याचे नाव कोठेतरी नोंदलेले असावे लागते.

ही नोंद कशी हुकते, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी याच परिसरातील एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांच्या मुलाला शहरात रात्री ट्रकने उडवले होते. पाय कायमचा अधू झाला. मी विचारले, मुलगा कोणत्या कंपनीचे काम करीत होता ? त्यांनी नाव सांगितले. मी पैसे जमा झाल्याचे बँकेचे उतारे मागितले. उताऱ्यांत कंपनीचा एकही पैसा नव्हता. हळूहळू उलगडा झाला. मुलाने स्वतःच्या नावाने नोंदणीच केलेली नव्हती. खोलीतील मित्राची आयडी त्याने भाड्याने घेतली होती. पैसे मित्राच्या खात्यात पडत आणि मित्र आपला भाग ठेवून उरलेले रोख देई. गाडी चुलत्याच्या नावावर होती. म्हणजे हा मुलगा वर्षभर त्या शहरात राबला आणि कागदोपत्री तो तेथे नव्हताच. कंपनीच्या दृष्टीने तो कोणी नव्हता. न्यायाधिकरणापुढे विमा कंपनीच्या वकिलाने एकच प्रश्न केला, "हा महिना पंचवीस हजार मिळवीत होता, याला पुरावा काय ?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. उत्पन्न अंदाजाने धरले गेले, आणि अंदाज गरिबाच्या बाजूने क्वचितच उदार असतो.

मोटार अपघातात नुकसानभरपाई कशी मोजतात, हे आपण समजून घ्यावे, कारण वहीची किंमत त्यातून कळते. मृत्यूच्या दाव्याचे उदाहरण घेतो. अमंगळ आहे, पण न्यायालय असेच मोजते. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा खटल्यात २००९ साली आणि प्रणय सेठी खटल्यात २०१७ साली ठरवून दिलेल्या रीतीप्रमाणे, चोवीस वर्षांच्या अविवाहित, स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या तरुणाचे वार्षिक उत्पन्न घ्यायचे, भावी वाढीसाठी त्यात ४० टक्के मिळवायचे, त्याच्या स्वतःच्या खर्चासाठी निम्मे वजा करायचे आणि उरलेल्या रकमेला १८ ने गुणायचे. महिन्याचे उत्पन्न १५,००० सिद्ध झाले तर ही रक्कम २२,६८,००० होते. पुराव्याअभावी ते ९,००० धरले गेले तर १३,६०,८०० होते. अंतर नऊ लाखांहून अधिक. एका वहीचे आणि एका बँक खात्याचे हे अंतर आहे. शिवाय असा दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करण्याची मर्यादा मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने घातली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. "तेरावा-चौदावा होऊ द्या, मग पाहू" म्हणत वर्ष घालवणारी घरे मी पाहिली आहेत. आपण ते विधी सोडले. ती सवयही सोडावी.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की दुसऱ्याच्या आयडीवर राबू नका. स्वतःच्या नावाने नोंदणी, स्वतःच्या खात्यात पैसे. ई-श्रम पोर्टल २६ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झाले. तेथे आधार क्रमांकावर नोंद होते, तिला पैसे लागत नाहीत आणि बारा आकडी क्रमांक मिळतो. आणि गाडीविषयी एक बारीक पण मोठी गोष्ट. दुचाकीच्या विम्यात मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो मालकाचा असतो, आणि मालकाने स्वतः गाडी चालवावी हे त्यात गृहीत आहे. गाडी बापाच्या वा चुलत्याच्या नावावर आणि चालवतो मुलगा, अशा स्थितीत त्या विम्यावर मुलासाठी विसंबू नका. विमापत्रावर गाडीचा वापर कोणत्या कामासाठी मान्य आहे तेही छापलेले असते. खासगी वापर लिहिला असेल आणि गाडी दिवसभर पार्सले वाहत असेल, तर भरपाईच्या वेळी वाद निघतो. पत्र घेताना कोणी ते वाचत नाही. वकीलही वाचत नाहीत, हे कबूल करतो. त्याखेरीज बँकेतून वर्षाला २० रुपये कापून मिळणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा दोन लाखांचे अपघाती संरक्षण देतो. वीस रुपयांत आज दोन चहाही धड होत नाहीत.

आता शिल्लकीकडे वळू. काहींना वाटते की धम्म म्हणजे विरक्ती आणि पैशाचा विचार करणे हे त्याला सोडून आहे. हा गैरसमज आहे. भगवान बुद्धांनी भिक्खूंना एक सांगितले आणि गृहस्थांना दुसरे. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत असे सांगितले आहे. एका भागात उपजीविका करावी, दोन भाग आपल्या व्यवसायात घालावेत आणि चौथा आपत्तीसाठी राखून ठेवावा. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही मांडणी मी आपल्या सव्वीस हजारांवर ठेवून पाहिली आणि मला आश्चर्य वाटले. चौथा भाग ६,५००. व्यवसायाचे दोन भाग १३,०००. पेट्रोल आणि गाडी मिळून आपण १०,२०० काढलेच होते. उपजीविकेला ६,५००, परंतु खोली-खानावळ धरून ८,३०० लागतात, म्हणजे १,८०० ची तूट. ती व्यवसायाच्या भागात उरलेल्या २,८०० तून भरून काढली तरी १,००० रुपये उरतात, आणि चौथा भाग शाबूत राहतो.

हे हजार रुपये कशासाठी ? काम शिकण्यासाठी. चाळिशीत कोणाला दिवसाला ११० किलोमीटर दुचाकी चालवता येणार नाही. हे काम तरुणाच्या पाठीवर आणि गुडघ्यांवर चालते, आणि त्या दोन्ही गोष्टी झिजतात. वीजजोडणी, वातानुकूलन यंत्रांची दुरुस्ती, मोठ्या वाहनाचा परवाना, हिशेबाचे काम, जे ज्याला जमेल ते, परंतु तीन वर्षांत दुसरे काहीतरी हाती आले पाहिजे. गाडी हा रस्ता आहे. तेथे मुक्काम करू नये.

गाडीच्या झिजेचे २,१०० रुपये मात्र हिशेबात लिहून चालणार नाही, ते खरोखर बाजूला पडले पाहिजेत. पोस्टाची आवर्ती ठेव महिना १०० रुपयांपासून सुरू करता येते. ती पाच वर्षांची असते, पण तीन वर्षांनंतर मोडता येते. महिना २,१०० प्रमाणे छत्तीस महिन्यांत ७५,६०० रुपये आणि वर व्याज जमते. तेवढ्यात जुनी गाडी विकल्याचे पैसे मिळवले की दुसरी गाडी जवळजवळ रोखीने येते. ज्याने हे केले नाही तो दुसऱ्या गाडीसाठी फायनान्सवाल्याच्या दारी जातो आणि मग फेऱ्या स्वतःसाठी न मारता हप्त्यासाठी मारतो. काही जण त्यासाठी गावाकडचा वतनी जमिनीचा तुकडा गहाण टाकण्याचा विचार करतात. अशा जमिनींच्या हस्तांतरावर निर्बंध असतात. कोणत्याही कागदावर अंगठा वा सही करण्यापूर्वी मला किंवा कोणत्याही जाणकार वकिलाला तो दाखवा.

चौथ्या भागातील ६,५०० तूनच घरी पैसे येणार, हे उघड आहे. त्यावर घरोघर भांडण होते आणि मला त्यात पडायचे नाही. एवढेच म्हणतो की त्यातील किमान दोन हजारांना आईने, बापाने, भावाच्या लग्नाने आणि खुद्द मिळवत्या मुलानेही हात लावू नये. शहरात पाय मोडून तीन महिने खोलीवर पडण्याची वेळ आली तर भागीदाराला आजारपणाची रजा नसते.

दीघजाणू नावाच्या गृहस्थाला उपदेश करताना बुद्धांनी तळ्याचे उदाहरण दिले आहे. तळ्याला पाणी आत येण्याच्या चार वाटा आणि बाहेर जाण्याच्या चार. आतल्या बंद केल्या, बाहेरच्या उघड्या ठेवल्या आणि पाऊसही पडला नाही, तर तळे आटणारच. कालव्याच्या काठी राहणाऱ्यांना हे निराळे समजावायला नको. चारीला भगदाड पडले तर पाळी येऊनही रान कोरडे राहते. बाहेर जाण्याच्या वाटांत तेथे व्यभिचार, दारू, जुगार आणि वाईट संगत सांगितली आहे. आज यांतील जुगाराची वाट त्याच मोबाईलमध्ये आहे ज्याच्यावर कमाई पडते. फेरीची वाट पाहत हॉटेलाच्या बाहेर अर्धा तास उभा राहिलेला मुलगा दुसरे काय करणार ? पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली, हे चांगले झाले. परंतु कायद्याने बंद केलेली दारे मागून कशी उघडतात, हे न्यायालयात बसणाऱ्याला विचारा. चटकन कर्ज देणाऱ्या ॲपांचेही तसेच. पाच हजार घेतले, कापून साडेचार हजार हाती आले आणि पंधरा दिवसांत सहा हजार मागितले, अशी प्रकरणे माझ्या टेबलावर येतात. आठवड्याला पैसे मिळवणाऱ्याला महिन्याच्या अखेरीस कर्ज का लागावे ? वही असती तर लागले नसते.

भगिनींनो, शेवटचा मुद्दा आपल्यासाठी आहे. मुलगा फेऱ्या मारून रात्री बारा वाजता खोलीवर येतो. तो वही लिहील अशी अपेक्षा मी करीत नाही. मी दोन घरी एक निराळी रीत पाहिली आणि ती मला फार आवडली. मुलगा रात्री झोपण्यापूर्वी घरच्या मोबाईलवर तीन आकडे पाठवतो : आज मिळाले किती, पेट्रोल किती, किलोमीटर किती. आई किंवा शाळेत जाणारी बहीण ते तारीखवार वहीत उतरवते. एका घरी ही बहीण आठवीत आहे. तिने मला वही दाखवली आणि म्हणाली, "दादाला ऑगस्टात पेट्रोल जास्त लागलं, कारण पावसात रस्ते बंद होते." ज्या घरात बलुत्याचा हिशेब पाटलाच्या तोंडी असे, त्या घरातली मुलगी भावाचा जमाखर्च तारीखवार ठेवते. अशी वही मी न्यायाधिकरणापुढे ठेवली, आणि तिच्या जोडीला बँकेचे उतारे असले, तर पुरावा काय, हा प्रश्न मला निरुत्तर करणार नाही.

सभा संपल्यावर मी येथेच थांबणार आहे. ज्यांच्या घरी गाडीचे नोंदणीपत्र आणि विमापत्र असेल त्यांनी ते घेऊन यावे. गाडी कोणाच्या नावावर आहे आणि चालवतो कोण, एवढे आपण प्रथम पाहू. आयडी कोणाची आहे, ते मी नंतर एकेकाला बाजूला घेऊन विचारीन.